भरड मसाल्याच्या रबसाठी डबी : प्रकल्प नोंदी

१ मार्च २०२५, शनिवार

पाडव्यानिमित्त आमच्या मंडळाची सहल १२ एप्रिलला ठरली. ह्यूस्टनच्या दक्षिणेला, शुगर लँडपासून जवळच्या एका पार्कात. जेवण सगळं ग्रिलवरचं: चिकनच्या मांड्या, पोर्क रिब्ज, टर्कीचा छातीचा भाग, आणि शाकाहारी मंडळींसाठी पनीर आणि मक्याची कणसं. स्वयंपाकाची जबाबदारी मी घेतली आहे.

रब, म्हणजे मांसाला वरून लावायचा कोरडा मसाला, टेक्सस पद्धतीचाच करायचा. लॉकहार्टसारख्या गावांत जर्मन आणि चेक खाटीक येऊन स्थिरावले आणि त्यांच्या मांसाच्या दुकानांतून जी पद्धत रुजली, तिचा मसाला म्हणजे भरड मीठ आणि भरड मिरी, बाकी काम ओकच्या लाकडाच्या धुराचं. तिथे हे मुख्यतः बीफ ब्रिस्केटवर, म्हणजे छातीच्या मांसावर, लावतात. आम्ही चिकन आणि रिब्जवर लावतो, आणि मिरीच्या जोडीला धणे भरडून घालतो. धणे-मिरी-लसूण हा मेळ माँट्रिअलच्या स्मोक्ड मीटमध्येही आहे आणि आपल्या जिभेला तो लगेच ओळखीचा वाटतो.

म्हणजे मसाला ठरलेला आहे. तो मांसावर पाडायचा कशातून, हे ठरलेलं नाही. सहलीला ट्रे तयार करायला पाच-सहा जण तरी उभे राहतील. चिमटीने टाकायचं म्हटलं तर प्रत्येकाची चिमूट वेगळी. एका ट्रेमधली मांडी खारट आणि दुसऱ्यातली अळणी, असं दीडशे माणसांच्या पंगतीत मला नको आहे. शिवाय चिमटीचा हात कच्च्या चिकनला लागून पुन्हा मसाल्याच्या भांड्यात जातो, ते तर मुळीच चालणार नाही.

त्यामुळे हवी आहे अशी डबी, की जी कोणाच्याही हातात दिली तरी साधारण तेवढाच मसाला, तेवढाच पसरून पाडेल.

२ मार्च, रविवार

घरात जे काही भुरभुरायचं आहे ते ओट्यावर मांडलं आणि भोकं मोजली. ड्रिलच्या पात्यांचे दांडे भोकात घालून पाहायचे, जो जेमतेम बसेल तो आकार. कॅलिपरपेक्षा हे सोपं पडतं.

जेवणाच्या टेबलावरची मिठाची डबी: दीड मि.मी. हॉटेलच्या सामानाच्या दुकानातून आणलेला स्टीलचा कानाचा डबा (इथे त्याला ड्रेज म्हणतात, पीठ आणि मसाला भुरभुरायला वापरतात): सव्वादोन मि.मी. दुकानातल्या मसाल्याच्या रिकाम्या बाटलीचं दुहेरी झाकण: एका बाजूला तीन मि.मी.ची भोकं, दुसरीकडे चमचा जाईल एवढं तोंड. पिझ्झावर चीज टाकायची काचेची बरणी: सहाच्या वर.

आता मसाल्याचा कण. टेक्ससमध्ये बार्बेक्यूवाले सोळा मेशची मिरी मागतात. मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचात किती घरं. सोळा घरं म्हटली की एका घराला १.५९ मि.मी. जागा आली, त्यातली थोडी तार खाते, उरलं तोंड १.१८ मि.मी. तेव्हा या मिरीचा कण सव्वा मि.मी.च्या आसपासचा धरायचा. धण्याची भरड यापेक्षा ओबडधोबड, कारण धणा फुटतो तेव्हा त्याची सालं वाटीच्या आकाराची निघतात आणि ती कशीही आडवी बसतात.

टेबलावरच्या डबीतून काहीच पडलं नाही. ड्रेजमधून मीठ पडलं, मिरी थोडी, धणे आतच. तीनच्या भोकांतून सुरुवातीला छान पडलं आणि मग बंद. झाकण उघडून पाहिलं तर प्रत्येक भोकावर दोन-तीन कण एकमेकांना खांदा देऊन बसलेले. चीजच्या बरणीतून सगळं भसाभसा.

५ मार्च, बुधवार

कामावर माझा रोजचा संबंध पॉलिथिलीनच्या दाण्यांशी आणि ते साठवायच्या सायलोंशी. तिथे हेच दुखणं मोठ्या आकारात असतं: दाणे तोंडावर कमान धरतात आणि प्रवाह थांबतो. त्यावरचा ठोकताळा असा की गोल तोंड कणाच्या पाच-सहा पट असेल तर कमान धरायची भीती जवळपास उरत नाही. सव्वाचा कण, म्हणजे सहा-सात मि.मी.चं भोक. पण सायलो कोणी हातात धरून हलवत नाही, डबी आपण हलवतो. दर झटक्याला कमान मोडते, म्हणून चार पटीवर काम भागायला हवं. म्हणजे पाच मि.मी.

आता तीनऐवजी पाच केलं तर मसाला किती जास्त पडेल? दुप्पट नव्हे. दाणेदार माल भोकातून किती वेगाने पडतो याचं एक सूत्र बेव्हरलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडलं. भोकाच्या व्यासातून कणाच्या व्यासाची साधारण १.४ पट आधी वजा करायची, कारण कडेची तेवढी पट्टी वाहतच नाही, आणि जे उरेल त्याचा अडीचावा घात घ्यायचा. कण १.२ मि.मी. धरला तर तीनच्या भोकात वाहायला उरतात १.३ मि.मी., पाचच्या भोकात ३.३. अडीचावा घात घेतला की एकास दहा. भोक पावणेदोन पटीपेक्षाही कमी वाढलं आणि प्रवाह दहापट झाला. चीजची बरणी भसाभसा का ओतते आणि बाटलीचं झाकण का तुंबतं, याचा उलगडा या एका आकड्यात होतो. बाजारातल्या बहुतेक डब्या या दोन टोकांना आहेत. मधली जागा रिकामी आहे, आणि भरड मसाल्याला नेमकी तीच लागते.

म्हणून भोकं मोठी पण मोजकी ठेवायची, हे आज ठरलं. आणखी एक गोष्ट: डबी उलटी धरली की मसाला बाहेर येतो तेवढी हवा आत जायला हवी आणि तिलाही वाट तीच. बारीक भोकांची डबी अडखळते त्यात या हवेचाही वाटा आहे.

८ मार्च, शनिवार

मुलगा म्हणाला, "आई, मी थ्री-डी प्रिंट करून देतो ना झाकण, हवं त्या मापाचं." हौसेने करून दिलंही. मापाला उत्तम. पण छपाईच्या थरांमध्ये बारीक खाचा राहतात आणि त्या घासून निघत नाहीत. कच्च्या मांसाच्या शेजारी वापरायच्या वस्तूला हे चालणार नाही. त्याचं झाकण भोकांची जागा आखायला साचा म्हणून वापरणार आहे.

संध्याकाळी मेसन बरणीवर विचार केला. या आट्याच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट जॉन मेसनने १८५८ मध्ये घेतलं आणि आजही अमेरिकेतल्या कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात ती मिळते. तोंडाची मापं मुख्यतः दोनच, नेहमीचं आणि रुंद, त्यामुळे एका बरणीचं झाकण दुसरीला बसतं. क्राफ्टच्या किसलेल्या पार्मेझानच्या डब्याचं हिरवं झाकणसुद्धा नेहमीच्या तोंडाच्या बरणीवर बरोबर फिरतं, ही इथल्या स्वयंपाकघरांतली जुनी युक्ती. एक करून पाहिलं: मिरी चांगली पडते, पण भोकं एकाच बाजूला असल्यामुळे पट्टा उमटतो. एकट्याच्या घरच्या वापराला मी हेच सुचवेन, खर्च शून्य आहे. ट्रेवर ट्रे भरायचे तर पसरट झाकण हवं.

१५ मार्च, शनिवार

आजची नोंद मोठी आहे, कारण खरा प्रश्न भोकाचा नाहीच असं दिसतंय.

चीजच्या बरणीत मीठ, मिरी, धणे, लसणाची रवाळ पूड आणि थोडी लाल तिखटाची पूड एकत्र करून भरलं. वजनाने निम्मं मीठ, निम्मं बाकीचं. मग डबी रिकामी होईपर्यंत कागदावर भुरभुरत गेले. पहिला ढीग लालसर, बारीक. शेवटचा काळा, नुसती मिरी आणि धण्याची सालं. डोळ्यांना दिसत होतं, पण आकडा हवा होता. पहिल्या ढिगातले २० ग्रॅम आणि शेवटच्यातले २० ग्रॅम वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन कोमट पाण्यात ढवळले, मीठ विरघळू दिलं, कॉफीच्या कागदातून गाळलं, आणि उरलेला चोथा मंद ओव्हनमध्ये कोरडा करून तोलला. मिरीचाही थोडा अर्क पाण्यात जातो, पण दोन्ही वाट्यांत तो साधारण सारखाच जाईल, म्हणून तुलनेला अडचण नाही.

पहिल्यातला चोथा ७ ग्रॅम. शेवटच्यातला १४. म्हणजे पहिल्या ट्रेवर जे पडलं त्यात ६५ टक्के मीठ आणि शेवटच्या ट्रेवर ३० टक्के. डबी तीच, मसाला तोच, हातही तोच.

सुपात धान्य घोळताना जे होतं तेच इथे होतं: हलवलं की बारीक ते मोठ्याच्या फटींतून खाली उतरतं आणि मोठं वर राहतं. डबी उलटी धरली की खाली म्हणजे झाकणाकडे. त्यामुळे आधी बारीक बाहेर पडतं आणि मोठं शेवटाला उरतं. भोक कितीही नेमकं पाडलं तरी याला उपाय नाही. झटका देऊन मसाला पाडायची जी क्रिया, तीच मसाला वेगळा करायचीही क्रिया आहे.

१६ मार्च, रविवार

सासरे सध्या आमच्याकडे आहेत, हिवाळा संपता संपता सांगलीहून आले. त्यांनी बरीच वर्षं मसाला कांडपाचं यंत्र चालवलं. माझ्या वाट्या आणि वजनकाटा सकाळपासून बघत होते. शेवटी म्हणाले, "अगं, तू भोकं कसली मोजतेस? आधी मसाला चाळून बघ. भुगा किती निघतोय ते कळू दे."

"बाबा, चाळला तर निम्मा बाजूला जाईल ना?"

"जाऊ दे की. भुगा आमटीला होईल. जाडसर मागणारं गिऱ्हाईक असलं की आम्ही दोनदा चाळायचो. एकदा वरचे गोटे काढायला, एकदा खालचा भुगा काढायला. मधलं राहतं ते द्यायचं."

घरात आपली बदलत्या जाळ्यांची चाळणी आहेच, मैद्याची, रव्याची, गव्हाची. रव्याच्या जाळीची घरं इंचात मोजली तर वीस निघाली, म्हणजे तोंड साधारण ०.८५ मि.मी. गव्हाच्या जाळीचं भोक दोन मि.मी. हिलक्रॉफ्टवरून, म्हणजे ह्यूस्टनच्या महात्मा गांधी डिस्ट्रिक्टमधून आणलेली अख्खी मिरी बाबांनी खलबत्त्यात फोडली. मिक्सरला हात लावू दिला नाही, कारण मिक्सरचं पातं काही दाणे तसेच सोडतं आणि काहींचं पीठ करतं. खलबत्त्यात वरून ठोके न देता बत्ता दाबून फिरवायचा, म्हणजे दाण्याची दोन-चार फाकं होतात. धणे आधी कढईत नुसते गरम करून गार केले, म्हणजे साल कुरकुरीत होऊन चटकन फुटते. मग गव्हाच्या जाळीतून जे खाली आलं ते रव्याच्या जाळीवर घेतलं. जाळीवर राहिलेला मसाला बघण्यासारखा होता: प्रत्येक कण सुटा, काळा आणि पिवळसर, बोटांतून वाळूसारखा निसटणारा. हातावर पूड नाही. भुग्याचा वासच इतका तीव्र की रात्रीच्या रस्समला तो पुरून उरला.

२० मार्च, गुरुवार

मिठाचं बघायला हवं होतं. अमेरिकेत दोन भरड मिठं घरोघरी असतात, डायमंड क्रिस्टल आणि मॉर्टन, दोन्ही ‘कोशर मीठ’ या नावाने विकली जाणारी. नाव एक, पण दाणा अगदी निराळा. डायमंड क्रिस्टलचा दाणा आल्बर्गर पद्धतीने होतो, पोकळ पिरॅमिडसारखा, चिमटीत लगेच चुरा होणारा. मॉर्टनचा दाणा लाटून चपटा केलेला, घट्ट. चमचाभर डायमंड साधारण २.८ ग्रॅम भरतं, चमचाभर मॉर्टन ४.८. ज्या पाककृतीत "दोन चमचे कोशर मीठ" एवढंच लिहिलेलं असतं ती म्हणूनच अर्धवट आहे. मीठ तोलावंच लागतं.

बोटांनी टाकायला डायमंड फार सुरेख. डबीत मात्र ते हलून हलून स्वतःचा भुगा करतं आणि तो तळाशी धावतो. डबीसाठी मॉर्टन. त्यालाही रव्याच्या जाळीवर चाळलं, वरचं घेतलं.

चाळलेली मिरी, चाळलेले धणे आणि चाळलेलं मॉर्टन निम्मं-निम्मं मिसळून वाट्यांची तीच परीक्षा पुन्हा. पहिल्या २० ग्रॅममधला चोथा ९.४, शेवटच्यातला १०.५. पूर्वीच्या सात आणि चौदाच्या पुढे हे मला हवं होतं त्याहून चांगलं आहे. टेक्ससचे बार्बेक्यूवाले भरड मीठ आणि सोळा मेशचीच मिरी का धरून बसतात, ते यातून नीट उमगतं. दोन्हीचा कण जवळपास एका मापाचा, म्हणून मिश्रण मिश्रणच राहतं. बाबांना आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग आता पाड तुझी भोकं."

२२ मार्च, शनिवार

भोकं पाडली. मेसनचं पत्र्याचं झाकण घेतलं नाही. त्याचा मुलामा ड्रिलने कापला की कडा उघड्या पडतात आणि मिठाने गंजतात, शिवाय पत्र्याचे कण आत जायची भीती. मेसन बरण्या विकणाऱ्या ‘बॉल’ कंपनीची प्लॅस्टिकची एकसंध झाकणं मिळतात, ती घेतली. खाली लाकडाचा तुकडा, झाकण आतली बाजू वर करून, मुलाचा साचा वर चिकटवला. पातं ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मि.मी. मध्ये टोक असलेलं, लाकडासाठी मिळणारं पातं वापरावं, साधं पातं प्लॅस्टिकवर सरकतं. वेग अगदी कमी, नाहीतर प्लॅस्टिक वितळून भोकाला ओठ येतो. नंतर मोठ्या पात्याने हातानेच दोन्हीकडच्या कडा हलक्या खरवडल्या, साबणाने धुऊन एक दिवस वाळू दिलं.

किती भोकं ठेवायची यासाठी वेगवेगळी झाकणं केली. मध्ये एक आणि भोवती सहा अशी सात भोकं: ठिपक्यांचे पुंजके पडतात. एकोणीस: मसाला फार. मध्ये एक, भोवती सहा, आणि बाहेरच्या फेरीत सहा अशी तेरा भोकं: हीच. एका आखूड झटक्याला सव्वा ते दीड ग्रॅम पडतो, माझ्या हातातून आणि बाबांच्या हातातूनही.

मग उंची. बेकिंगच्या कागदावर १० सें.मी.चे चौकोन आखून प्रत्येकातला मसाला तोलला. वीतभर उंचीवरून मधल्या चौकोनात ढीग होतो. सुमारे ३० सें.मी.वरून चौकोन जवळपास सारखे भरतात. झटका मनगटातून आणि खालीच द्यायचा. गोल गोल फिरवलं की मसाला कडेने सांडतो.

२७ मार्च, गुरुवार

चार दिवस मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारा आहे. मीठ घातलेली बरणी मुद्दाम मागच्या पडवीत उघडी ठेवली होती. सकाळपर्यंत वरचा थर ओलसर होऊन चिकटला. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ह्यूस्टनची पहाट बहुतेक त्याच्या वरच असते. नुसत्या मिरी-धण्याच्या बरणीला काही झालं नाही.

इथे हॉटेलांतून मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे घालतात. आमच्या भोकांतून तांदूळच बाहेर पडेल. काबुली चणा मात्र आठ-नऊ मि.मी.चा, तो भोकातून जाऊ शकत नाही. बरणीत पाच-सहा चणे, आधी कढईत कोरडे करून, टाकले. झटक्याबरोबर ते आत आपटतात आणि कमान आणि गाठ दोन्ही मोडतात. ओलावा फारसा ओढत नाहीत, पण त्यासाठी ते नाहीतच.

साखर डबीतून बाद. रिब्जना थोडी ब्राउन शुगर लागते, पण तिच्यातला काकवीचा अंश ओला असतो आणि सगळ्या मसाल्याला बिलगतो. गूळ पावडरीचं तर याहून अवघड. ती शेवटी हाताने लावायची. आपला कांदा-लसूण मसालाही कुठल्याच डबीतून येणार नाही, त्यात तेल आणि खोबरं आहे. त्याचं काम वेगळं ठरवलंय: इथे मांसावर आधी मोहरीच्या सॉसचा पातळ हात फिरवतात, म्हणजे रब चिकटतो. त्या जागी कांदा-लसूण मसाला तेलात कालवून त्याचा पातळ हात, आणि वर भरड मिरी-धणे.

३० मार्च, रविवार. पाडवा

सकाळी गुढी, पुरणपोळी. संध्याकाळी रिब्ज आणि मांड्यांवर तालीम.

आज एक निर्णय झाला आणि तो सगळ्या प्रकल्पाचा कणा आहे: मांसाचं मीठ डबीत घालायचं नाही. मिरी दोन झटके जास्त पडली तर कोणाचं बिघडत नाही. मीठ जास्त पडलं तर ट्रे वाया जातो. मग जे चुकू नये ते माणसांच्या झटक्यांवर सोडायचंच कशाला? किलोभर मांसाला १० ग्रॅम मीठ, आदल्या रात्री तोलून, पिशवीत मांसाला लावून फ्रिजमध्ये. रात्रभरात ते आत मुरतं, आणि मांसातलं पाणीही धरून ठेवतं. सकाळी डबीतून फक्त मिरी, धणे आणि चाळलेला रवाळ लसूण. किलोला आठ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा झटके. हे कोणीही करू शकतं.

पनीर आणि कणसांना रात्रभर मीठ लावून ठेवता येत नाही, पाणी सुटतं. त्यांच्यासाठी मीठ घातलेली, सगळे कण एका मापाचे केलेली बरणी, २० मार्चच्या मिश्रणाची.

नवऱ्याने ग्रिल सांभाळलं. शेगडीच्या वर डबी धरायची नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. वाफ भोकांतून आत जाते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मसाल्याचं खरपूड धरतं. ट्रे ग्रिलपासून लांब, मसाला तिथेच. मांडीच्या हाडाजवळ १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस दाखवेपर्यंत काढली नाही. कातडीवर धण्याच्या फाकांनी जो कुरकुरीत थर धरला तो पुडीच्या मसाल्याने कधीच आला नसता. बाबांनी दुसरी मांडी मागून घेतली.

६ एप्रिल, रविवार

बरण्या भरल्या. मसाला फोडणं आणि चाळणं यातच दिवस गेला. शेजारच्या दोन काकू मदतीला होत्या, त्यांनी भुगा वाटून नेला. भरताना बरणी दोन-तृतीयांशच भरायची, वर मोकळी जागा नसेल तर मसाला हलतच नाही.

१२ एप्रिल, शनिवार. सहल

ट्रेच्या टेबलावर दोन-दोन माणसांची जोडी लावली. एकाचे हात मांसाचे: तो तुकडे मांडतो, उलटतो. दुसऱ्याचे हात डबीचे: तो मांसाला स्पर्श करत नाही. डबी सकाळपासून दुपारपर्यंत कोरडी आणि स्वच्छ राहिली ती या विभागणीमुळे. जोड्या बदलल्या तरी हात धुतल्याशिवाय भूमिका बदलायची नाही, हे टेबलावर लिहून चिकटवलं होतं आणि सगळ्यांनी पाळलं.

वारा होता. लसणाची पूड थोडी उडाली, भरड मसाला जागच्या जागी पडला. पहिल्या ट्रेच्या आणि शेवटच्या ट्रेच्या मांड्या मी मुद्दाम शेजारी ठेवून बघितल्या, मिरीचे ठिपके सारखेच. खारट म्हणून एकही तक्रार आली नाही. कणसं लहान मुलांनी स्वतः भुरभुरली, आणि त्या बरणीची भोकं मात्र त्यांना फार मोठी पडली. कणसाचा दांडा अरुंद, तेरा भोकांतला निम्मा मसाला गवतावर.

१३ एप्रिल, रविवार

झाकणं गरम साबणपाण्यात भिजवून, भोकांतून बाटली धुवायचा बारीक ब्रश फिरवून धुतली. मांसाच्या टेबलावरच्या बरण्यांत उरलेला मसाला टाकून दिला, परत मोठ्या डब्यात मिसळला नाही. काबुली चणेही टाकले.

कणसांसाठी वेगळं झाकण करायला घेतलं: भोकं तीच ३/१६, पण पाच, आणि एका ओळीत, म्हणजे दांड्याच्या लांबीवर सरळ पट्टा पडेल. शाकाहारी बरण्यांच्या झाकणावर आपल्याकडच्या पाकिटांवर असतो तसा हिरवा ठिपका रंगवला आहे. मंडळाच्या सामानाच्या पेटीत बरण्या, सुटी झाकणं आणि रव्याच्या जाळीची एक जास्तीची चाळणी ठेवली. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: मांसाचं मीठ आदल्या रात्री, तोलून, किलोला १० ग्रॅम.